मूलपेशींपासून केशपेशी बनतात, तरी गेलेलं ऐकू परत का येत नाही? नेमकं अडतंय कुठे?

निषाद

२०१० साली स्टॅनफर्डमध्ये हेलर यांच्या गटाने उंदराच्या मूलपेशींपासून केशपेशींसारख्या, म्हणजे आवाजाच्या हालचालीचं विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या कानातल्या पेशींसारख्या पेशी बनवल्या. त्यांच्या टोकावरचे केस हलवले की विद्युत प्रवाह मोजता येत होता. २०१२ मध्ये शेफील्डच्या रिव्होल्टा गटाने मानवी भ्रूणीय मूलपेशींपासून श्रवणचेतेच्या (कानातून मेंदूकडे संकेत नेणाऱ्या मज्जातंतूच्या) पूर्वपेशी केल्या, त्या बहिऱ्या केलेल्या जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या कानात सोडल्या आणि त्या प्राण्यांचं ऐकणं काही अंशी परतलं. २०१३ मध्ये इंडियाना विद्यापीठात कोहलर आणि हाशिनो यांनी उंदराच्या पेशींपासून अंतर्कर्णाचा ऑर्गनॉइड, म्हणजे ताटलीत वाढवलेलं अवयवासारखं छोटं ऊतक, वाढवला, २०१७ मध्ये मानवी पेशींपासून. म्हणजे ताटलीत पेशी बनवण्याला एक तप उलटून गेलं. बहुतेक रुग्णांपुढे पर्याय मात्र अजून तेच दोन, श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट.

शंका अशा आहेत. पेशी बनवणं, त्या कानात पोचवणं, तिथे जगवणं आणि मेंदूशी जोडणं, यांपैकी खरा खोळंबा कुठल्या टप्प्यावर आहे? केशपेशी आणि श्रवणचेता या दोन वाटांपैकी रुग्णापर्यंत आधी कोणती पोचेल? आणि मानवी ऑर्गनॉइड पहिल्यांदाच वाढवणाऱ्यांचे प्रयोग बहुतेकदा कशात फसतात? छापलेल्या पद्धती वाचल्या आहेत, पण वाया गेलेल्या प्लेट्सबद्दल त्यांत कुणी लिहीत नाही.

---

श्रुतिवेध

पहिल्या दोन प्रश्नांबद्दल लिहितो. ऑर्गनॉइडचं काम ज्यांच्या हातातलं आहे त्यांनी तिसरा घ्यावा.

'ऐकू येणं गेलं' म्हणजे कानातलं काय गेलं, हे आधी वेगळं करावं लागतं. माणसाच्या एका कॉक्लियात, म्हणजे अंतर्कर्णातल्या शंखात, साधारण १५,००० केशपेशी असतात. आतल्या एका रांगेत सुमारे ३,५००, बाहेरच्या तीन रांगांत सुमारे १२,०००. मेंदूला खबर देतात त्या आतल्या. बाहेरच्या पेशी स्वतः आखूड-लांब होऊन मंद आवाजाला ४० ते ६० डेसिबलची भर घालतात. केशपेशींच्या मागे ३०,०००हून जास्त चेतापेशी असतात आणि त्यांतल्या सुमारे ९५ टक्के आतल्या केशपेशींना जोडलेल्या असतात. बाजूच्या भिंतीत स्ट्राया व्हॅस्क्युलॅरिस हा ऊतकाचा पट्टा असतो, तो एंडोलिम्फ या द्रवाला +८० मिलिव्होल्टवर भारून ठेवतो. या तिन्हींपैकी काहीही बिघडलं तरी ऑडिओग्रामवर (कोणता स्वर किती मंद ऐकू येतो याच्या आलेखावर) रेषा खालीच जाते. मूलपेशींची एकच कुपी तिन्ही बिघाडांवर चालणार नाही, आणि बातम्यांमधला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

चेतापेशींची वाट त्यातल्या त्यात मोकळी आहे. रिव्होल्टांच्या प्रयोगात ओवाबेन हे औषध गोल खिडकीवर, म्हणजे मध्यकर्ण आणि अंतर्कर्ण यांच्यामधल्या पातळ पडद्यावर ठेवलं होतं. जर्बिलमध्ये ते चेतापेशी मारतं आणि केशपेशी शाबूत ठेवतं. मग मानवी पूर्वपेशी मोडिओलसमध्ये, म्हणजे शंखाच्या मधल्या खांबात सोडल्या. त्यांनी एकीकडे केशपेशींकडे आणि दुसरीकडे मेंदूच्या खोडाकडे धागे पाठवले. मेंदूच्या खोडातून येणाऱ्या प्रतिसादाच्या पातळीत सरासरी ४६ टक्के सुधारणा मोजली गेली. ही सरासरी आहे हे विसरू नका. काही प्राणी जवळजवळ पूर्ववत झाले, काहींत फारसा फरक पडला नाही. प्राणीही विचारपूर्वक निवडला होता. उंदराचं ऐकणं आपल्या मानाने फार वरच्या पट्टीतलं असतं, जर्बिलला मात्र माणसासारखे खालचे स्वर चांगले ऐकू येतात.

केशपेशींची वाट कठीण का, ते पेशीच्या घराकडे पाहिलं की कळतं. केशपेशीचं डोकं एंडोलिम्फमध्ये असतं, तिथे पोटॅशियम सुमारे १५० मिलिमोलर. धड पेरिलिम्फ या दुसऱ्या द्रवात, तिथे पोटॅशियम अगदी कमी आणि सोडियम भरपूर. बाहेरून सोडलेली पेशी एंडोलिम्फमध्ये पडली तर एवढ्या पोटॅशियममध्ये ती फार काळ तग धरत नाही. जगली तरी तिला केशपेशींच्या थरात शिरायला वाट लागते, आणि ती वाट म्हणजे दोन द्रवांमधल्या पडद्याला पाडलेलं भोक. तिथून द्रव मिसळले की आधीच्या शिल्लक केशपेशीही मरतात. २०१४ मध्ये रॅफेल यांच्या गटाने गिनीपिगमध्ये पोटॅशियम तात्पुरतं उतरवून आणि सोडियम कॅप्रेटने पेशींमधले सांधे सैल करून बाहेरच्या पेशींना काही काळ आत जगवलं. जगवलं एवढंच, त्या पेशी ऐकू लागल्या नाहीत. त्यासाठी केसांचा झुबका ठरावीक दिशेलाच तोंड करून हवा, खाली चेतेशी जोडणारा सिनॅप्स हवा, आणि पेशी अशा जागी हवी की तिथली पट्टी, म्हणजे केशपेशी ज्यावर असतात तो लांबट पडदा, तिच्या स्वराला हलेल. सुमारे ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर २०,००० हर्ट्झपासून २० हर्ट्झपर्यंतचे स्वर ओळीने मांडलेले असतात. यात मायक्रोमीटरच्या चुकाही महाग पडतात.

म्हणून केशपेशींसाठी लोक वेगळा विचार करतात. बाहेरून पेशी घालण्याऐवजी तिथल्याच आधारपेशींना, म्हणजे केशपेशींच्या भोवतीच्या पेशींना, केशपेशी व्हायला लावायचं. १९८८ मध्ये कोंबडीची पिल्लं आणि लावा पक्षी यांच्यात हे निसर्गतः घडतं असं दिसलं. केशपेशी मेल्या की शेजारच्या आधारपेशी विभागतात किंवा थेट रूप बदलतात. सस्तन प्राण्यांच्या कॉक्लियात ही सोय जन्माच्या सुमारास बंद होते. २००५ मध्ये एटोह१ हे जनुक विषाणूतून देऊन बहिऱ्या गिनीपिगमध्ये नव्या केशपेशी दिसल्या. त्याच जनुकाची मानवी चाचणी २०१४ मध्ये सुरू झाली, पण तिच्यातून उपयोगी सुधारणा हाती लागली नाही. एकटं एटोह१ पेशीला केशपेशी होण्याच्या रस्त्यावर ढकलतं, शेवटपर्यंत नेत नाही. आता जीएफआय१ आणि पीओयू४एफ३ या जनुकांची जोड देतात. आतली पेशी की बाहेरची, हे ठरवण्यात टीबीएक्स२ या जनुकाचा हात असल्याचं २०२२ मध्ये समोर आलं.

एक सापळा वाचणाऱ्याने कायम लक्षात ठेवावा. 'उंदरात केशपेशी पुन्हा उगवल्या' असं वाचलं की आधी उंदराचं वय बघा. उंदराचं पिल्लू जन्मतः बहिरं असतं आणि बाराव्या दिवसाच्या सुमारास ऐकू लागतं. पहिल्या आठवड्यात त्याच्या आधारपेशी अजून लवचीक असतात, नंतर केशपेशीची जनुकं उघडणारे स्विच गुणसूत्रावरच बंद होत जातात. माणसाचं मूल चालू कॉक्लिया घेऊन जन्मतं. त्यामुळे दोन दिवसांच्या उंदरातला निकाल म्हणजे मानवी गर्भातल्या कानाबद्दलचा निकाल. साठीच्या माणसाला तो लागू पडत नाही.

माझं मत विचाराल तर रुग्णापर्यंत आधी चेतापेशी पोचतील, आणि त्याही कॉक्लिअर इम्प्लांटच्या जोडीने. केशपेशी प्रयोगशाळेत वाढवून कानात लावणं ही वाट मला लांबची वाटते. तिथे मूलपेशींचा खरा उपयोग औषधं आणि जनुकं तपासायला मानवी ऊतक मिळवून देण्याचा आहे.

---

पेशीजाल

तिसरा प्रश्न घेतो. पुढचे आकडे मानवी पेशींसाठीच्या २०१७च्या पद्धतीच्या जवळपासचे आहेत. प्रत्येक गट थोडा बदल करतो, आणि तुमच्या पेशीमालिकेसाठी तुम्हालाही करावा लागेल.

सुरुवातीला पेशी एकेक सुट्ट्या करून ९६ खळग्यांच्या, यू तळाच्या, पेशी चिकटू न देणाऱ्या प्लेटमध्ये घालायच्या. खळग्यामागे साधारण ५,०००. सोबत २० मायक्रोमोलर वाय-२७६३२, नाहीतर सुट्ट्या झालेल्या पेशी रात्रीत मरतात. हलकंसं सेंट्रिफ्यूज केलं की तळाशी एकच गोळा जमतो. दोन दिवसांनी, ज्याला शून्यावा दिवस धरतात, माध्यम बदलून २ टक्के मॅट्रिजेल, १० मायक्रोमोलर एसबी ४३१५४२, थोडं एफजीएफ२ आणि गरजेप्रमाणे बीएमपी४. चौथ्या दिवशी ५० नॅनोग्रॅम प्रति मिली एफजीएफ२ आणि २०० नॅनोमोलर एलडीएन १९३१८९. आठव्या दिवशी ३ मायक्रोमोलर सीएचआयआर ९९०२१. बाराव्या दिवशी गोळे परिपक्वतेच्या माध्यमात हलवायचे आणि मग थांबायचं. केशपेशी दिसायला दोन महिने लागतात.

यामागचं तर्कशास्त्र समजलं की चुका ओळखता येतात. पहिले चार दिवस पेशींना सांगायचं असतं की चेतासंस्था होऊ नका, त्वचेच्या बाजूचा थर व्हा. हे बीएमपी हे संकेत देणारं प्रथिन सांगतं. चौथ्या दिवशी बीएमपी बंद पाडून एफजीएफ वाढवायचं, म्हणजे तोच थर सरळ त्वचेकडे न जाता कानाच्या पूर्वऊतकाकडे वळतो. आठव्या दिवशी सीएचआयआरने व्हिंट हा संकेत जागवला की त्यातून कानाच्या पुटिका, म्हणजे पोकळ पिशव्या, निघतात. त्वचा आणि कान इतके सख्खे शेजारी आहेत की याच पद्धतीत फेरफार करून कोहलर यांच्या गटाने २०२० मध्ये केस उगवणारी मानवी त्वचा वाढवली.

बिघाड सर्वांत जास्त बीएमपी४पाशी होतो. काही पेशीमालिका स्वतःच पुरेसा बीएमपी स्रवतात, त्यांना वरून काहीच लागत नाही. काहींना २.५ नॅनोग्रॅम प्रति मिली लागतं. कमी पडलं तर गोळ्यातून मेंदूसारखं ऊतक निघतं, जास्त झालं तर निव्वळ त्वचा. म्हणून नव्या मालिकेवर आधी ०, १, २.५, ५ आणि १० अशी पायरी लावा. चौथ्या-सहाव्या दिवशी गोळ्याच्या कडेला पातळ, पारदर्शक थर दिसला पाहिजे आणि त्यात टीएफएपी२ए व ई-कॅडहेरिन ही त्वचेच्या बाजूच्या थराची प्रथिनं हवीत, चेताऊतकाचं पॅक्स६ नको. तो थर नसेल तर प्लेट तिथेच टाकून द्या. साठ दिवस वाट पाहून ती सुधारत नाही. बीएमपी४ साध्या बफरमध्ये विरघळवू नका. ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ०.१ टक्के अल्ब्युमिन घालून विरघळवा, एकवेळच्या कुप्या करून गोठवा आणि वितळलेली कुपी परत गोठवू नका. नवीन लॉट आला की पायरी पुन्हा लावायची. लॉट बदलल्यावर महिनाभर चाललेला प्रयोग अचानक बंद पडणं ही या कामातली नेहमीची तक्रार आहे.

दुसरं कारण सुरुवातीच्या पेशी. वसाहत ७०-८० टक्के भरलेली असताना उचला, कडेला आपोआप बदललेल्या पेशी दिसल्या तर त्या खरवडून काढा. मायकोप्लाझ्मा चाचणी नियमित हवी. आणि गुणसूत्रं तपासताना २०व्या गुणसूत्राच्या २०क्यू११.२१ भागाकडे खास लक्ष द्या. तिथल्या वाढीव प्रतीमुळे पेशी मरेनाशा होतात आणि हळूहळू सगळी ताटली व्यापतात. नेहमीच्या पट्टेदार कॅरिओटाइपमध्ये ही छोटी वाढ निसटू शकते, म्हणून फिश किंवा क्यूपीसीआर या जास्त बारीक जनुकीय चाचण्या करा. अशा पेशींचे गोळे दिसायला छान असतात, कान मात्र देत नाहीत.

बाकी किरकोळ वाटणाऱ्या, पण वेळ खाणाऱ्या गोष्टी. एका खळग्यात दोन गोळे झाले तर तो खळगा मोजणीत धरू नका. सीएचआयआर गार माध्यमात टाकलं तर सुईसारखे स्फटिक धरतं, माध्यम आधी ३७ अंशांवर आणा. मॅट्रिजेल रात्रभर ४ अंशांवर वितळवा, टिप्सही गार हव्यात. गोळे उचलताना टिपचं टोक कापून रुंद करा. बारा दिवसांनंतर गोळे वाढले की आतला भाग प्राणवायूअभावी काळवंडतो, त्यासाठी ते सावकाश हलत्या माध्यमात ठेवतात. अर्धं माध्यम बदला, सगळं नको. कूर्चा, त्वचा, चेतापेशी असं इतर ऊतक प्रत्येक गोळ्यात येतंच, त्याने घाबरून जायचं कारण नाही.

आता पडताळणी, कारण इथे उतावीळ दावे फार होतात. मायोसिन ७ए हे केशपेशीतलं प्रथिन दिसलं म्हणजे केशपेशी, एवढ्यावर थांबू नका. फॅलॉइडिनने केसांचा झुबका रंगवून बघा. पुटिकेत केशपेशींची तोंडं आत वळलेली असतात, त्यामुळे काप घेतल्याशिवाय किंवा पुटिका उघडल्याशिवाय झुबका नीट दिसत नाही. एफएम१-४३ हा रंग केशपेशीच्या टोकाच्या मार्गिकेतून आत शिरतो, पण जास्त वेळ ठेवला तर कोणतीही पेशी तो गिळते. म्हणून काही सेकंदच ठेवून लगेच धुवा आणि मार्गिका बंद करणारं औषध दिलेला नमुना शेजारी ठेवा. खरा पुरावा पेशीतला विद्युत प्रवाह थेट मोजणाऱ्या पॅच क्लॅम्पचाच.

आणि निघालेल्या केशपेशी बहुतेक तोल सांभाळणाऱ्या भागातल्या असतात, ऐकण्याच्या भागातल्या नव्हेत. ही पद्धत आपसूक त्याच बाजूला झुकते. हाशिनो यांच्या गटाने २०२३ मध्ये सॉनिक हेजहॉग वाढवून आणि व्हिंट दाबून, दोन्ही नेमक्या वेळी, कॉक्लियाकडचे मानवी ऑर्गनॉइड मिळवले. तुम्हाला ऐकण्याशी संबंधित काही तपासायचं असेल तर ही पायरी सोडून चालणार नाही. प्रेस्टिन शोधून बाहेरच्या केशपेशी ओळखा, व्हीग्लूट३ शोधून आतल्या.

निकाल लिहिताना किती गोळ्यांपैकी किती गोळ्यांत पुटिका आल्या, किती बॅचमध्ये, हे आकडे द्या. सर्वांत सुंदर गोळ्याचं छायाचित्र सगळेच देतात.

---

निषाद

दोघांचेही आभार. बीएमपीची पायरी आणि उंदराचं वय, दोन्ही नीट समजलं.

औषधांच्या वाटेबद्दल विचारायचं राहिलं. २०१७ मध्ये एलजीआर५ ही मूलपेशीसारखी खूण असलेल्या आधारपेशी सीएचआयआर आणि व्हॅल्प्रोइक आम्ल देऊन ताटलीत २,०००पटींहून जास्त वाढवल्या आणि उंदराच्या एका कॉक्लियातून ११,५००हून अधिक केशपेशी मिळवल्या. त्यावरूनच एफएक्स-३२२ हे औषध निघालं. मग चाचणी फसली ती जीवशास्त्रामुळे की चाचणीच्या रचनेमुळे?

---

मंजिरी_श्रवणतज्ज्ञ

दोन्हीमुळे. श्रवणमापनाच्या बाजूने सांगते.

एफएक्स-३२२ पडद्यातून सुईने मध्यकर्णात सोडायचे, तिथून ते गोल खिडकीतून आत झिरपणार. दुसऱ्या टप्प्याच्या पहिल्या चाचणीत ९५ जण होते आणि आठवड्याला एक अशी ४ इंजेक्शनं होती. मार्च २०२१ मध्ये निकाल आला, खोट्या औषधाच्या तुलनेत फरक नाही. एका इंजेक्शनची पुढची चाचणीही फेब्रुवारी २०२३ मध्ये अपयशी ठरली आणि कंपनीने तो कार्यक्रम बंद केला.

आधी रचनेबद्दल. मुख्य मोजमाप शब्द ओळखण्याचं होतं. ५० शब्दांच्या यादीत एखाद्याला ५० टक्के गुण मिळाले, तर कानात काहीही न बदलता पुढच्या वेळी ३२ ते ६८ टक्क्यांच्या मधले कोणतेही गुण येऊ शकतात. ही निव्वळ संख्याशास्त्रीय चढउतार आहे. २५ शब्दांची यादी घेतली तर पल्ला आणखी रुंद होतो. त्यात चाचणीत घेण्यासाठी अट अशी असते की गुण ठरावीक पातळीच्या खाली हवेत. प्रवेशाच्या दिवशी ज्याचे गुण योगायोगाने कमी आले तो आत येतो आणि पुढच्या वेळी आपल्या नेहमीच्या पातळीवर परततो. औषध मिळालं असो वा नसो, तो 'सुधारलेला' दिसतो. या चाचणीत खोटं औषध मिळालेल्यांतही अनपेक्षित सुधारणा दिसली. यावर उपाय म्हणजे प्रवेशाआधी काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन मोजमापं घेणं आणि ती स्थिर असतील तरच माणूस आत घेणं. शुद्ध स्वरांच्या चाचणीतही ५ डेसिबलचा फरक म्हणजे काही नाही. शेजारशेजारच्या दोन वारंवारतांत १० डेसिबल, आणि तोही दोन वेगळ्या दिवशी, तर विचार करावा.

आता जीवशास्त्र. गोल खिडकीतून झिरपलेलं औषध कॉक्लियाच्या तळाच्या वेढ्यात दाट असतं आणि शिखराकडे फार विरळ होतं. तळाचा वेढा सर्वांत वरच्या स्वरांचा. बोलणं समजायला लागणारे बरेचसे स्वर त्याच्या पुढे असतात, तिथे औषध पुरेसं पोचतच नाही. शिवाय ताटलीतल्या पेशी नवजात उंदरांच्या होत्या, आणि श्रुतिवेध यांनी सांगितलेला सापळा इथे तंतोतंत लागू होतो. आधारपेशींना केशपेशी होण्यापासून अडवणारा नॉच हा संकेत रोखणाऱ्या औषधाची युरोपातली रिगेन चाचणीही सुरक्षित ठरली, पण मुख्य निकष तिला गाठता आला नाही.

याच्या शेजारी ओटोफर्लिनची गोष्ट ठेवून पाहा. ती जनुकोपचाराची आहे, मूलपेशींची नाही, पण शिकण्यासारखी आहे. या मुलांत केशपेशी जागेवर असतात, चेता जागेवर असते, फक्त सिनॅप्सवर रसायन सोडणारं एक प्रथिन नसतं. ते जनुक सुमारे ६,००० अक्षरांचं आणि वाहक विषाणूत मावतात सुमारे ४,७००, म्हणून दोन तुकडे करून दोन विषाणूंतून पाठवतात. जानेवारी २०२४ मध्ये चीनमधल्या चाचणीचे निकाल आले. ६ पैकी ५ मुलांचं ऐकणं सुधारलं. बिघाड एकच, जागा ठाऊक आणि बाकी यंत्रणा शाबूत असली की कान प्रतिसाद देतो. मूलपेशींच्या चाचण्यांत रुग्ण निवडताना हीच काटेकोर निवड लागणार आहे.

अडचण अशी की ऑडिओग्राम हे सांगत नाही. ओएई म्हणजे बाहेरच्या केशपेशींचा प्रतिध्वनी मिळतो आणि बेरा म्हणजे मेंदूच्या खोडाचा आवाजाला प्रतिसाद मोजणाऱ्या चाचणीत लहरी मिळत नाहीत, अशी जोडी आली तर बिघाड आतली केशपेशी, सिनॅप्स किंवा चेता यांपैकी कुठेतरी आहे. याला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. चेतापेशी घालायच्या की ओटोफर्लिन द्यायचं, हे यापुढे जनुकचाचणी आणि एमआरआयवर ठरतं. चेता मुळातच बनलेली नसेल तर एमआरआयमध्ये कळतं. ओएई लवकर तपासायला हवी, कारण वयानुसार ती आपणहून नाहीशी होऊ शकते आणि मग हा फरक कळायचं साधन हातचं जातं. ओएई आणि बेरा दोन्ही नसतील तर केशपेशी बहुधा गेल्या आहेत, पण मागे किती चेतापेशी जिवंत आहेत हे माणसात थेट मोजायची पद्धत आज नाही. मूलपेशींच्या चाचण्यांना सर्वांत जास्त गरज याच मापाची आहे असं मला वाटतं.

---

श्रुतिवेध

मंजिरी यांच्या शेवटच्या मुद्द्याला पूरक. रिव्होल्टांच्या कामातून निघालेल्या चेतापूर्वपेशींच्या पहिल्या मानवी चाचणीला ब्रिटनमध्ये २०२५ मध्ये परवानगी मिळाली. पेशी कॉक्लिअर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेतच सोडायच्या आहेत. ही रचना मला फार पटते. कॉक्लिया उघडला की उरलंसुरलं ऐकणं जाण्याचा धोका असतो, आणि इम्प्लांटसाठी तो तसाही उघडावाच लागतो. पेशी फसल्या तरी रुग्णाकडे इम्प्लांट उरतो. शिवाय इम्प्लांटच्या इलेक्ट्रोडमधून चेतेचा विद्युत प्रतिसाद महिनोन्महिने मोजता येतो, म्हणजे पेशी कामाला लागल्या का याचं एक आडवळणाचं माप मिळतं. इम्प्लांटमध्ये १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात, ते ज्यांना जागं करणार त्या चेतापेशीच थोड्या असतील तर इलेक्ट्रोड वाढवून उपयोग नसतो.

पेशी सोडण्याच्या कृतीत काय बिघडतं तेही लिहितो. कॉक्लियातली जागा मायक्रोलिटरमध्ये मोजायची आहे. भरभर सोडलं तर दाब वाढून नाजूक पडदे फाटतात, नाहीतर सगळा द्रव आल्या वाटेने परत बाहेर येतो. प्राण्यांत म्हणूनच पंपाने सावकाश सोडतात आणि बऱ्याचदा अर्धवर्तुळाकार नलिकेला छोटं छिद्र पाडून दाबाला वाट करून देतात. सिरिंजमध्ये पेशी काही मिनिटांत तळाला बसतात, त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या थेंबातली संख्या सारखी राहत नाही. मेलेल्या पेशींतून सुटलेल्या डीएनएमुळे उरलेल्या पेशी चिकट दोऱ्यांसारख्या जमतात आणि सुई तुंबते, त्यावर थोडा डीएनेज घालतात. सुईतून बाहेर आल्यावर किती पेशी जिवंत आहेत हे मोजायचं, कुपीतला आकडा धरायचा नाही. पेरिलिम्फची वाट कवटीतल्या द्रवाशी जोडलेली आहे, म्हणून सोडलेल्या पेशी आणखी कुठे गेल्या हेही शोधावं लागतं.

पेशीजाल, शुद्धतेबद्दल तुम्ही लिहिलंत तर बरं. कानात गाठ झाली तर तिला पसरायला जागाच नसते, शेजारी चेहऱ्याची चेता आणि मेंदूचं खोड.

---

पेशीजाल

हो. धोका असतो न बदलता राहिलेल्या बहुशक्तिक पेशींचा, त्यांच्यापासून टेराटोमा ही गाठ होऊ शकते. फ्लो सायटोमेट्रीने ओसीटी४ आणि ट्रा-१-६० या मूलपेशींच्या खुणा बघतात, पण हजारांत एक पेशी शोधायला ती पद्धत तोकडी पडते. त्यासाठी लिन२८ या मूलपेशींच्या जनुकाचं क्यूपीसीआर जास्त संवेदनशील आहे. पद्धतीची मर्यादा काढताना बदललेल्या पेशींमध्ये मोजून मूलपेशी मिसळतात, ०.१ टक्के, ०.०१ टक्के अशा, आणि कुठपर्यंत त्या सापडतात ते बघतात. हे न करता 'एकही सापडली नाही' म्हणण्याला अर्थ नाही. मग प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या उंदरांत काही महिने ठेवून गाठ होते का ते पाहतात. दुसरा धोका जास्त विभागत राहणाऱ्या चेतापूर्वपेशींचा, तो टेराटोमाच्या चाचणीत दिसत नाही. त्यासाठी केआय६७ ही विभागणाऱ्या पेशींची खूण बघा.

---

निषाद

आणखी एकच. नाळेतल्या रक्ताच्या किंवा चरबीतून काढलेल्या मूलपेशी शिरेतून देऊन 'श्रवणशक्ती परत' अशा जाहिराती बऱ्याच दिसतात. त्यामागे काही आधार आहे का?

---

मंजिरी_श्रवणतज्ज्ञ

अमेरिकेत ११ मुलांना त्यांचंच साठवलेलं नाळेचं रक्त शिरेतून दिल्याचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो सुरक्षिततेसाठी होता आणि त्या बाबतीत चिंताजनक काही आढळलं नाही. काही मुलांच्या बेरामध्ये बदल दिसला, पण तुलनेसाठी गट नव्हता. लहान मुलांचं श्रवणमार्गाचं जाळं वाढत्या वयात आपोआपही परिपक्व होतं, त्यामुळे गट नसताना त्या बदलाचं श्रेय रक्ताला देता येत नाही.

शिरेतून दिलेल्या अशा पेशींचा मोठा भाग फुप्फुसातल्या बारीक वाहिन्यांत अडकतो. कॉक्लियाला रक्त पुरवणारी धमनी अगदी बारीक, त्यापुढे रक्त आणि अंतर्कर्ण यांच्यामधला अडसर. पोचल्याच तरी त्या पेशी केशपेशी बनत नाहीत. दाह कमी करणारी रसायनं त्या सोडतात एवढा तर्क उरतो, आणि मेलेल्या केशपेशींना त्याचा उपयोग नाही.

जाहिरात समोर आली तर हे विचारा. पेशी कुठून आणल्या आणि कानात कुठे सोडणार? कॉक्लियातल्या नेमक्या कोणत्या पेशींची जागा त्या घेणार? अधिकृत चाचणी-नोंदणीत क्रमांक काय? तुलनेचा गट आहे का? आधीची स्थिर मोजमापं किती आणि नंतरची किती महिन्यांनी, कुणी घेतली? भाग घेणाऱ्याकडून पैसे मागत असतील तर तिथेच थांबा. अचानक ऐकू कमी झालेल्यांच्या 'यशोगाथा' विशेष सावधपणे वाचा, कारण अशा रुग्णांपैकी एक तृतीयांश ते दोन तृतीयांश जणांचं ऐकणं उपचाराविनाही काही प्रमाणात परत येतं. त्यांच्यासाठी खरी निकड वेगळी आहे. स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो पहिल्या दोन आठवड्यांत, म्हणून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओग्राम करायचा. कापूस, थेंब, मळ काढणं यात आठवडा घालवायचा नाही.

जन्मतः बहिऱ्या मुलांच्या पालकांना हेही स्पष्ट सांगायला हवं की मूलपेशींची वाट पाहत इम्प्लांट पुढे ढकलू नका. पहिल्या काही वर्षांत आवाज मिळाला नाही तर मेंदूचा श्रवणभाग दुसऱ्या कामाला लागतो. पुढे कितीही चांगल्या पेशी मिळाल्या तरी त्यांचं बोलणं समजायला मेंदू तयार नसेल. आज इम्प्लांट लावलेल्या मुलाचा मेंदू ऐकता राहतो, आणि उद्या चेतापेशींचा उपचार आला तर त्याचा फायदा घ्यायला तयार असतो.